माप एक, घडण अनेक
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त कोराडी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कोराडीच्या जगदंबेविषयी एक श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सकाळी देवी कन्येच्या रूपात दिसते, दुपारी तरुणीच्या आणि सायंकाळी प्रौढेच्या. रूप बदलते, देवी मात्र तीच राहते. श्रद्धेचा विषय श्रद्धेच्या जागी असू द्यावा. पण मूळ एक, रूपे अनेक, ही कल्पना बांधकामाच्या शास्त्रातही आहे आणि आजचा विषय तोच आहे. इमारतीची संपूर्ण प्रतिकृती हल्ली आधी संगणकावर उभी करतात. त्या प्रतिकृतीत जागेप्रमाणे आपले माप बदलून घेणारे भाग बसवितात. इंग्रजीत त्यांना 'पॅरामेट्रिक अ‍ॅडॅप्टिव्ह कंपोनंट' असे लांबलचक नाव आहे. आपण त्यांना सोप्या भाषेत 'जुळते घटक' म्हणू या.

देवळाच्या मांडवात संगणकाचे काय काम, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर आपल्या आसपासच आहे. कित्येक गावांत देवळाचे काम मोठ्या उत्साहाने सुरू होते. वर्गणी जमते, पाया भरला जातो, भिंती उठतात. मग कोणी म्हणतो, शेजारच्या गावापेक्षा शिखर चार फूट उंच हवे. कोणी म्हणतो, सभामंडप दोन खणांनी वाढवा. सर्वजण माना डोलावतात. पण त्या चार फुटांपायी दगड किती वाढला, पायावर भार किती आला, पैसा किती लागेल, याचा हिशेब त्या बैठकीत कोणापाशीच नसतो. हिशेब कळतो तो पैसा संपल्यावर. पुढे वर्षानुवर्षे स्लॅबमधून गंजक्या सळया डोकावत राहतात आणि देव पत्र्याच्या छपराखाली बसतो. बदल करणे हा दोष नव्हे. बदलाचा परिणाम आधी न कळणे हा दोष होय. जुळत्या घटकांची विद्या नेमकी याच ठिकाणी उपयोगी पडते.

ही विद्या समजण्यास तालुका कचेरीतील छापील नमुना डोळ्यांसमोर आणावा. उत्पन्नाचा दाखला घ्या. मजकूर ठरलेला, रकाने ठरलेले. नाव, गाव आणि रक्कम एवढेच बदलते. हजार अर्जदार आले म्हणून कोणी हजार वेळा मसुदा तयार करीत नाही. एक नमुना नीट केला की हजार दाखले त्यातून निघतात. जुळता घटक हा असाच दगडाचा, लाकडाचा किंवा काँक्रीटचा नमुना होय. त्याची घडण ठरलेली असते आणि लांबी, रुंदी, जाडी, कोन यांचे रकाने रिकामे असतात. या रकान्यांना 'पॅरामीटर' म्हणतात. फरक इतकाच की, कागदाचा नमुना माणसाने भरावा लागतो. जुळता घटक ज्या जागेत बसवावा त्या जागेवरून स्वतःच आपले रकाने भरून घेतो.

ही कल्पना परदेशातून आली असे समजण्याचे कारण नाही. यज्ञवेदी रचण्याचे नियम आपल्याकडील शुल्बसूत्रांत आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. त्या ग्रंथांत मापाचे एकक 'पुरुष' हे आहे. हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची म्हणजे एक पुरुष, म्हणजेच १२० अंगुळे. श्येनचिती ही पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची वेदी. पहिल्या वेळी तिचे क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष, दुसऱ्या वेळी साडेआठ, असे एकेकाने वाढत एकशे साडेएकपर्यंत सांगितले आहे. थर पाच, प्रत्येक थरात २०० विटा, एकूण १०००. क्षेत्रफळ वाढले तरी पक्ष्याचा आकार मोडता कामा नये. म्हणजे एक पंख लांबवून भागत नाही. प्रत्येक लांबी एकाच प्रमाणात वाढवावी लागते. साडेसाताचे साडेआठ करावयाचे तर प्रत्येक लांबी शेकडा सुमारे साडेसहाने वाढते. यजमान बदलला की पुरुष बदलतो, पुरुष बदलला की वीट बदलते, वेदी मात्र तीच. जुळत्या घटकाची सारी कल्पना यात आली आहे.

दुसरे उदाहरण दगडातले. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे गोंदेश्वराचे पंचायतन मंदिर आहे. त्याच्या मुख्य शिखराची शैली 'भूमिज' म्हणून ओळखली जाते. या शैलीत शिखराच्या चारही बाजूंना मधोमध एकेक उभा पट्टा चढत जातो आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या भागांत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. खालच्या ओळीतील लहान शिखर मोठे, वरच्या ओळीतील त्याहून लहान, असे होत होत वर कळसाकडे जावयाचे. प्रत्येक लहान शिखराची घडण एकच. माप मात्र त्या त्या ओळीत मिळालेल्या जागेप्रमाणे. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवमंदिर याच परंपरेतले. तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. त्या काळी पाथरवटांनी हे कसे साधले असेल? त्याचा एक पुरावा मध्य प्रदेशात भोपाळजवळ भोजपूर येथे आहे. परमार राजा भोज याच्या काळातील ते अपुरे राहिलेले प्रचंड शिवमंदिर. त्याच्या परिसरातील खडकावर मंदिराच्या भागांची रेखाटने कोरलेली आजही दिसतात. खडक हाच त्यांचा नकाशा आणि दोरी हाच त्यांचा संगणक.

संगणकावर ही विद्या आली त्याचा इतिहास थोडक्यात असा. १९६३ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली तयार केली. पडद्यावर रेषा काढावयाच्या आणि या दोन रेषा समांतर राहाव्यात, या दोन सारख्या लांबीच्या राहाव्यात अशी बंधने त्यांना घालावयाची, हे त्यात प्रथम साधले. १९७० च्या दशकाच्या मध्यास चार्ल्स ईस्टमन यांनी इमारतीचे वर्णन सुट्या नकाशांऐवजी एकाच माहितीसाठ्यात ठेवावे, असा विचार मांडला. आज ज्याला 'बीआयएम' म्हणतात त्याचे मूळ त्यात आहे. या प्रकारची 'रेव्हिट' ही आज्ञावली २००० साली बाजारात आली आणि २००२ साली ऑटोडेस्क कंपनीने ती विकत घेतली. तिच्यात भिंत ही केवळ दोन रेषा नसते. ती भिंतच असते; तिला जाडी, उंची, विटांचा प्रकार आणि किंमत असते.

आता जुळता घटक प्रत्यक्ष कसा तयार करतात ते पाहू. आपल्या माताभगिनींना हे लवकर उमगेल, कारण याची सुरुवात ठिपक्यांच्या रांगोळीसारखी होते. प्रथम पडद्यावर ठिपके मांडावयाचे. समजा, शिखरावर बसवावयाची दगडी फरशी करावयाची आहे. तिला चार कोपरे, म्हणून चार ठिपके. या ठिपक्यांना 'जुळते' असा गुण दिला की त्यांना १, २, ३, ४ असे क्रमांक पडतात. हे क्रमांक फार महत्त्वाचे. फरशी बसविताना याच क्रमाने जागा दाखवावी लागते. तिसऱ्याच्या जागी चौथा दाखविला तर रांगोळीची रेघ चुकल्यासारखी फरशी पिळवटून जाते.

नंतर ठिपके रेषांनी जोडावयाचे. या रेषा म्हणजे मिस्त्रीने ताणलेली सुतळी. सुतळी म्हणजे भिंत नव्हे, पण भिंत तिच्याच आधाराने चालते. त्या रेषांच्या आधारे जाडी द्यावयाची आणि जाडीला आकड्याऐवजी नाव द्यावयाचे. 'दोन इंच' असे लिहून टाकले तर ते माप तेथेच अडकले. 'जाडी' असे नाव दिले तर तो रकाना झाला. उद्या दोनाचे अडीच करता येतात.

त्यापुढची पायरी म्हणजे सूत्र. घटकाला दोन ठिपक्यांतील अंतर मोजून सांगावयास लावता येते. कोतवालाने शिवारात फिरून खबर आणावी तसा हा रकाना जागेवरचे माप आणून देतो. त्यावर सूत्र लिहावयाचे: फरशीची रुंदी बरोबर दोन ठिपक्यांतील अंतर वजा सांध्याची जागा. शिंपी छातीच्या मापाचा चौथा भाग घेऊन त्यात शिलाईची माया मिळवितो, तसेच हे सूत्र आहे. शिंपी माया मिळवितो, येथे सांध्याची फट वजा होते, एवढाच फरक.

शेवटची पायरी परीक्षेची, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते. घटक तयार झाला की त्याला ओढून-ताणून पाहावयाचे. ठिपके जवळ आणा, दूर न्या, एक कोपरा उचला, जाडी दुप्पट करा. बैलगाडी बाजारात नेण्यापूर्वी भार घालून पाहतात, तसेच हे. या ओढाताणीत जो घटक मोडतो तो पुढे कामावर, पाचशे फरश्या बसल्यानंतर मोडण्यापेक्षा येथेच मोडलेला बरा.

हा घटक शिखराच्या आकारावर कसा पसरतो हे आकड्यांनी पाहू. समजा, शिखराची उभी उंची २० फूट आहे, फरश्यांच्या ओळी १२ आणि प्रत्येक ओळीत १६ फरश्या. एकूण १९२. शिखर वर निमुळते होत असल्याने प्रत्येक ओळीतील फरशी वेगळ्या रुंदीची. म्हणजे हाताने काढावयाचे तर १२ निरनिराळी चित्रे. एका ओळीची उंची २० इंच. आता समितीने ठरविले की शिखर २४ फूट करावयाचे. ओळी १२ च ठेवल्या तर प्रत्येक ओळ २४ इंचांची होईल. पण समजा, कारागिराने बजावले आहे की २० इंचांहून उंच ओळीची फरशी वर चढविणे धोक्याचे. मग २८८ इंचांना २० ने भागले तर १४.४ येतात, म्हणून ओळी १५ कराव्या लागतात आणि प्रत्येक ओळ १९.२ इंचांची होते. फरश्या झाल्या २४०. शिखर चार फूट वाढले, फरश्या ४८ वाढल्या आणि बाराही चित्रे रद्द होऊन नवी १५ काढावी लागली. हाताने काढणाऱ्याचे कित्येक दिवस त्यात जातील. घटक नीट केला असेल तर उंचीच्या रकान्यात २० च्या जागी २४ लिहावयाचे. ओळी, फरश्या, प्रत्येक फरशीचे माप आणि एकूण दगडाची यादी ही सारी आपोआप बदलून पुढे येतात. बैठक उठण्यापूर्वी समितीला कळते की ४८ फरश्यांचा पैसा आपल्यापाशी आहे किंवा नाही. माना डोलावण्यापूर्वी आकडा समोर येतो, हा याचा खरा लाभ.

हे सारे दूरदेशीचे आहे असेही नाही. आपल्या नागपूरची मेट्रो हे जवळचेच उदाहरण. २१ ऑगस्ट २०१४ रोजी तिच्या कामाची कोनशिला बसली, ७ मार्च २०१९ रोजी पहिला मार्ग खुला झाला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्याचे उरलेले मार्गही सुरू झाले. या कामात 'पंचमिती' बीआयएम पद्धती वापरली गेली. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती, चौथी वेळेची आणि पाचवी खर्चाची. कोणता खांब कोणत्या महिन्यात उभा राहील आणि त्यापायी किती पैसा लागेल, हे प्रतिकृतीशी बांधलेले असते. मेट्रोचा उंचावरून जाणारा मार्ग आधी ओतून ठेवलेले काँक्रीटचे भाग एकापुढे एक जोडून तयार होतो. सरळ मार्गावर हे भाग सारखे चालतात, वळणावर मात्र प्रत्येकाची घडण तीच आणि माप थोडे थोडे निराळे. गोंदेश्वराच्या शिखरावरील लहान शिखरे आणि मेट्रोच्या वळणावरील हे भाग, दोहोंचा धर्म एकच. कोराडी-खापरखेडा भागात वीज केंद्रांचे कमरेशी बारीक होणारे मनोरे आपण रोज पाहतो. त्यांचा घेरही प्रत्येक उंचीवर निराळा असतो आणि साचा दर टप्प्याला नव्या घेराशी जुळवून घ्यावा लागतो.

गुण सांगितले, तसे या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की मुळातले माप चुकले तर संगणक ती चूक मोठ्या सफाईने सर्व २४० फरश्यांत वाटून देतो. जुना चौथरा काटकोनात आहे असे गृहीत धरले आणि प्रत्यक्षात तो तीन इंच तिरका निघाला, तर पडद्यावरचे सुंदर शिखर जागेवर बसणार नाही. म्हणून ओळंबा, गुण्या आणि पाण्याची नळी यांची गरज संपलेली नाही. उलट वाढली आहे. दुसरी मर्यादा दगडाची. संगणक कोणतेही माप देईल, पण खाणीत निघणारा ठोकळा, पाथरवटाची छिन्नी आणि वर चढविणारे माणसांचे हात यांना आपापली मर्यादा आहे. ती मर्यादा सूत्रात कोणी घालावयाची? ती कारागिरालाच ठाऊक असते. तेव्हा संगणकावर बसणाऱ्या मुलाने प्रथम मिस्त्रीच्या शेजारी बसावयास हवे.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. घटक एकमेकांत नीट बसले म्हणजे इमारत भार सोसेल असे नव्हे. आकार जुळणे वेगळे आणि बळकटी वेगळी. बळकटीचा हिशेब स्थापत्य अभियंत्याने करावयाचा असतो आणि सेंट्रिंगचे आधार जागेवर डोळ्यांनी तपासावयाचे असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोराडीच्या देवीमंदिर परिसरात, बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराचा स्लॅब कोसळून अनेक मजूर जखमी झाले. त्या घटनेची कारणमीमांसा हा या भाषणाचा विषय नाही आणि तो अधिकारही नाही. पण देवाचे काम करता करता माणसे ढिगाऱ्याखाली सापडावीत, यासारखे दुःख दुसरे नाही. ओले काँक्रीट सर्वांत जड आणि सर्वांत दुबळे असते. त्या काही दिवसांत त्याचा सारा भार आधाराच्या बल्ल्यांवर असतो. कोणतीही प्रतिकृती त्या बल्ल्यांच्या जागी उभी राहू शकत नाही. उपयोग होतो तो इतकाच की, कोणत्या दिवशी किती भार कोठे येणार आणि आधार किती हवेत हे आधी मांडता येते. मांडलेले जागेवर आहे किंवा नाही, हे पाहण्यास माणूसच लागतो.

या सर्व विवेचनातून जीर्णोद्धार करणाऱ्या मंडळींनी चार गोष्टी घ्याव्यात अशी नम्र सूचना आहे.

पहिली गोष्ट, जुने उतरविण्यापूर्वी मोजून घ्यावे. प्रत्येक दगडावर क्रमांक घालावा, छायाचित्र काढावे, मापे वहीत लिहावीत. जुना दगड एकदा फोडून पायात भरला की त्याचे माप कोणत्याही संगणकातून परत मिळत नाही. आपल्या विदर्भात जुन्या हेमाडपंती देवळांचे अवशेष पुष्कळ आहेत. ज्या प्रमाणांवर ती उभी राहिली ती प्रमाणे त्या दगडांतच लिहिलेली आहेत. दगड गेला म्हणजे पोथीही गेली.

दुसरी गोष्ट, बदलाचा ठराव हिशेबाशिवाय करू नये. वर्गणीत मजुराच्या दिवसभराच्या कमाईचाही रुपया असतो. त्या रुपयाचा मान राखावयाचा तर 'उंच करा' म्हणण्यापूर्वी 'किती लागेल' हे विचारले पाहिजे.

तिसरी गोष्ट, काम पूर्ण झाल्यावर नकाशे, मापे आणि संगणकातील प्रतिकृती देवस्थानच्या दप्तरी जमा करून घ्यावी. ठेकेदार गेला आणि नकाशेही गेले, असे होऊ नये. प्रतिकृती एका कंपनीच्या आज्ञावलीत अडकून राहू नये म्हणून 'आयएफसी' या खुल्या स्वरूपातील प्रतही मागावी आणि मुख्य नकाशे कागदावर उतरवून घ्यावेत. पन्नास वर्षांनी पुढचा जीर्णोद्धार करणारे आपली नातवंडे असतील. त्यांना आजची आज्ञावली उघडता येईल याचा भरवसा नाही, कागद मात्र वाचता येईल.

चौथी गोष्ट मुलामुलींसाठी. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनात स्थापत्याची पदविका आहे. नकाशा काढता येऊ लागल्यावर ही जुळत्या घटकांची विद्या शिकणे अवघड नाही. त्यासाठी मोठे गणित लागत नाही. भूमिती, त्रैराशिक आणि चिकाटी लागते. मात्र सुट्टीच्या दिवशी गवंड्याच्या, सुताराच्या, पाथरवटाच्या हाताखाली उभे राहून हातांनी माप घेण्यास शिकावे. ज्यांना शिखराचे प्रमाण नुसत्या नजरेने कळते असे वृद्ध कारागीर आता थोडेच उरले आहेत. ते गेल्यावर त्यांचे ज्ञान सूत्रात उतरविण्यास कोणीही नसेल. एका हाती ओळंबा आणि दुसऱ्या हाती संगणक असलेली पिढी याच गावांतून तयार झाली, तर शुल्बसूत्रांपासून चालत आलेली दोरी तुटणार नाही.

देवळाच्या कामात ज्यांनी दगड वाहिले, पाणी मारले, रुपया दिला, त्या सर्वांचे श्रम सार्थकी लागोत. उभारलेले काम टिकाऊ ठरो, आणि ते उभारणारे हात सुखरूप राहोत, एवढीच आई जगदंबेच्या चरणी प्रार्थना.

जय जगदंब.